लिंबाला फुटलेले पाय

गेल्या पावसाळ्यात माझी आई कोल्हापूरहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे बंगळूरला आली होती. केंद्र सरकारच्या वसाहतीतील दोन खोल्यांच्या घरात तिचे मन रमावे म्हणून आम्ही उभयता यथाशक्ति झटत होतो. परंतु या कामी आमच्यापेक्षा अधिक उत्साह होता तो आमच्या नऊ वर्षांच्या कन्येला. एका शनिवारी शाळेतून येताच तिने जाहीर केले की, उद्या आजीसाठी ती स्वतः ‘लेमन पाय’ करणार. मैत्रिणीच्या घरी तिने तो खाल्ला होता, कृती वहीत उतरवून आणली होती, आणि मुख्य म्हणजे त्याला भट्टी लागत नव्हती, शेगडीही जवळजवळ लागत नव्हती.

आईने जपमाळ बाजूला ठेवली आणि विचारले, “काय गं, लिंबाला पाय कधीपासून फुटले?”

आम्ही सारे पोटभर हसलो. पण कन्या जेव्हा कृती वाचू लागली आणि आटीव दुधाच्या डब्यात आठ लिंबांचा रस घालावयाचा असे तिने सांगितले, तेव्हा आईच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. दुधात लिंबू! ज्या घरात तांब्याच्या भांड्यातून दूध कधी काढले नाही, आंबट ताकाची पळी दुधाच्या पातेल्याजवळ कधी नेली नाही, त्या घरची ती गृहिणी. “ते नासलं म्हणायचं,” ती म्हणाली, “देवापुढे ठेवता यायचं नाही ते.”

आईचे मन राखावे म्हणून माझ्या पत्नीने आठांऐवजी दोनच लिंबे पिळली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. बिस्किटांच्या थरावर ओतलेले ते मिश्रण घट्ट झालेच नाही. सुरी लावताच ताटभर वाहू लागले. कन्या रडली. आईने तिला जवळ घेतले खरे, पण रात्री दिवा मालवताना ती मला म्हणाली, “अरे, घर बदलीचं असलं म्हणून सैपाकघर बदलीचं नसतं. पोरीला आपलं म्हणून काय राहणार आहे?”

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणां सर्वांना हा प्रश्न कोणी ना कोणी कधी तरी विचारलेला असतो. त्याला उत्तर देण्याइतके शहाणपण त्या रात्री मजजवळ नव्हते. परंतु इतिहासाचा पदवीधर आणि कारकुनीचा पेशा, या दोहोंनी मला एक खोड लावली आहे. कोणताही कागद पुढे आला की तो कोठून निघाला आणि कोणाकोणाच्या मेजावरून आला, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा त्या फसलेल्या ताटातील जिन्नसांचाच मागोवा घ्यावा असे मी ठरविले. आज त्या शोधाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

आरंभ अर्थातच लिंबापासून. आपण ज्याला कागदी लिंबू म्हणतो तेच फळ अमेरिकेत फ्लॉरिडाच्या टोकाशी असलेल्या ‘कीज’ नावाच्या बेटांवरून ‘की लाइम’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. कन्येच्या पदार्थाचे मूळ तेथील ‘की लाइम पाय’. म्हणजे ज्याला आम्ही साता समुद्रांपलीकडचा पाहुणा समजत होतो, त्याच्या नावातले फळ आमच्याच टोपलीत होते!

या लिंबाचे कूळ अलीकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुकांच्या आधारे निश्चित केले आहे. संत्री, लिंबे, पपनस या साऱ्या गोताचे आदिस्थान हिमालयाचा आग्नेय पायथा, म्हणजे आसाम, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत या भागात असावे, असा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. कागदी लिंबू हे मूळ फळांपैकी नव्हे. ते संकरातून जन्मले. त्याची माता फिलिपाइन्स बेटांकडील एक लहानसे रानटी आंबट फळ आणि त्याचा पिता महाळुंग. हे वाचले आणि मी थबकलो. कारण महाळुंग, ज्याला संस्कृतात मातुलुंग म्हणतात, ते तर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले फळ! ज्या देवीच्या दर्शनावाचून माझ्या आईने कोल्हापुरात असताना शुक्रवार चुकविला नाही, तिच्या हाती शतकानुशतके असलेले फळ म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातील लिंबाचे जनक. पण दुसऱ्या बाजूने त्याचे आजोळ पूर्वसमुद्रातील बेटांवर. तेव्हा लिंबाला पाय फुटले ते काही काल-परवा नव्हे. त्याचा जन्मच प्रवासातला.

पुढे ते पश्चिमेस निघाले. आपले ‘निंबू’ फारशीत ‘लीमू’ झाले, अरबीत ‘लैमून’ झाले आणि युरोपच्या भाषांत ‘लेमन’ व ‘लाइम’ अशी दोन रूपे घेऊन स्थिरावले. अरबांनी ही झाडे भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेनपर्यंत नेली. १४९३ मध्ये कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्या जहाजांवर या जातीच्या फळांचे बी होते आणि ते हिस्पानिओला बेटावर रुजले. तेथून वेस्ट इंडीज, मेक्सिको आणि अखेर फ्लॉरिडाची बेटे असा त्याचा क्रम दिसतो. उलट दिशेनेही वाहतूक चालूच होती. आपण ज्या मोसंबीला आजारी माणसाचे हक्काचे फळ मानतो तिचे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून आले आणि नागपूरच्या अभिमानाचे जे संत्रे, त्याचे नाव पोर्तुगालमधील सिंत्रा या गावावरून, असे सामान्यतः मानले जाते. आपले निंबू त्यांच्याकडे आणि त्यांचे सिंत्रा आपल्याकडे! बदल्यांच्या या यादीत कोण मूळचा आणि कोण उपरा, हे ठरविणे मोठ्या कार्यालयीन अधीक्षकालाही जड जावे.

आता दुधाकडे वळू. फ्लॉरिडाच्या त्या बेटांवर लिंबे होती, पण दूध नव्हते. चराऊ कुरणे नाहीत, त्यामुळे गाई थोड्या. हवा उष्ण आणि बर्फ दुर्मिळ. मुख्य भूमीशी जोडणारा लोहमार्ग की वेस्टपर्यंत पोहोचला तो १९१२ मध्ये. अशा ठिकाणच्या गृहिणीला ताजे दूध हे स्वप्नच. तिची अडचण दूर केली ती एका पत्र्याच्या डब्याने. गेल बॉर्डन नावाच्या खटपट्या अमेरिकन गृहस्थाने दूध निर्वात भांड्यात कमी उष्णतेवर आटवून टिकविण्याची युक्ती काढली आणि १९ ऑगस्ट १८५६ रोजी तिचे एकस्व मिळविले. लंडनच्या प्रदर्शनाहून १८५१ मध्ये परतताना जहाजावरील गाई आजारी पडल्या आणि दुधावाचून तान्ही मुले दगावली, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्याने ते दूध विकत घेतले आणि घरोघर परतलेल्या शिपायांनी त्याची कीर्ति नेली.

साखर घातलेल्या या आटीव दुधात पाण्याचा अंश जेमतेम पाव भाग उरतो आणि साखर चार दशांशांहून अधिक असते. त्यात लिंबाचा रस पडला की काय होते? साध्या दुधात तो पडला तर दूध फाटते. चोथा वेगळा आणि पाणी वेगळे. त्याचे कारण, दुधातील केसीन हे प्रथिन आम्लाच्या संगतीने गोळा होऊ लागते. आटीव दुधातही तीच क्रिया घडते, परंतु तेथे वेगळे होण्यास मोकळे पाणी फारसे नसते आणि दाट साखरेत प्रथिनांचे कण दूर पळू शकत नाहीत. त्यामुळे चोथा न होता सारेच मिश्रण एकजीव, मऊ आणि घट्ट होते. अग्नीचे काम आम्ल करते. म्हणूनच त्याला भट्टी लागत नाही. जुन्या कृतीत अंड्याचा बलकही असे. परंतु आम्हां शाकाहाऱ्यांसाठी हर्षाची गोष्ट ही की तो वगळला तरी घट्टपणा येण्यास लिंबू आणि दूध समर्थ आहेत. दोन लिंबांनी आमचा पदार्थ का फसला, याचाही उलगडा येथे झाला. आम्ही आईचे मन राखले, पण केसीनचे मन वळेल इतके आम्ल घातले नाही.

हा पदार्थ प्रथम कोणी केला याविषयी मात्र एकवाक्यता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस की वेस्टच्या एका श्रीमंत घरातील ‘सॅली मावशी’ नावाच्या स्वयंपाकिणीने तो सिद्ध केला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. त्याच्या उलट, आटीव दूध विकणाऱ्या बॉर्डन कंपनीनेच १९३१ च्या सुमारास लिंबाच्या पायाची कृती जाहिरातीतून पसरविली आणि बेटांवरच्या लोकांनी तिच्यात आपले लिंबू पिळले, असे काही संशोधक म्हणतात. तरीही २००६ मध्ये फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने त्याला राज्याचा अधिकृत पाय म्हणून मान्यता दिली. मौज अशी की, त्या बेटांवरच्या लिंबांच्या बागा १९२६ च्या वादळानंतर पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. आज तेथे विकली जाणारी बरीच ‘की लाइम’ मेक्सिकोहून येतात. फळ परक्याचे, दूध डब्यातले, कृती कदाचित जाहिरातीतली. आणि पदार्थ मात्र साऱ्या राज्याचा जीव की प्राण! ‘आपले’ म्हणजे काय, या माझ्या आईच्या प्रश्नाला ही एक बाजू आहे, असे मला वाटू लागले.

तो डबा आपल्या देशात कसा आला, ती कथा तर प्रत्येक सरकारी नोकराने मनात जपावी अशी आहे, आणि तिचा एक धागा या बंगळूर शहरातच सापडतो. १८६६ मध्ये स्वित्झर्लंडमधील चाम या गावी पेज नावाच्या दोघा अमेरिकन बंधूंनी आटीव दुधाचा कारखाना काढला. १९०५ मध्ये ती कंपनी नेस्लेशी एक झाली. त्यांचे गवळणीच्या चित्राचे डबे हिंदुस्थानात पुष्कळ खपत. इकडे बंगळूरच्या आडुगोडी भागात १९२३ पासून पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय यांचे शिक्षण देणारी एक शाही संस्था होती. १९२७ साली प्रकृतीसाठी गांधीजी नंदीच्या डोंगरावर आणि बंगळुरात राहिले होते, तेव्हा त्यांनी या संस्थेत जाऊन गोपालनाचे धडे घेतले होते. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेस जाण्यापूर्वी एका मल्याळी तरुणाला काही महिने याच संस्थेत शिकावे लागले. दुधाशी त्याचे काही सख्य नव्हते. त्याला धातुशास्त्र शिकावयाचे होते. परतल्यावर, शिष्यवृत्तीच्या बंधनापायी, १९४९ मध्ये त्याची नेमणूक गुजरातेतील आणंद या आडगावी झाली. तेथून केव्हा एकदा सुटतो असे त्याला झाले होते. तो सुटला नाही. आयुष्यभर तेथेच राहिला. त्याचे नाव वर्गीस कुरियन. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असता, हरिचंद दलाया या त्याच्या सहकाऱ्याच्या कौशल्याने ती झाली आणि १९५८ मध्ये आणंदच्या सहकारी संघाने साखर घातलेले आटीव दूधही काढण्यास आरंभ केला. आमच्या कन्येने दुकानातून आणलेला डबा, अशा रीतीने, एका नको असलेल्या बदलीच्या हुकुमाचे फळ होता.

पण अद्याप आईचा मूळ आक्षेप शिल्लक होता. दुधात आंबट घालणे म्हणजे दूध नासविणे, हे तिचे मत निराधार नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराची जी गणना आहे तीत दुधाबरोबर आंबट फळे वर्ज्य सांगितली आहेत. त्या यादीत महाळुंगाचेही नाव आहे. तेव्हा शास्त्र आईच्या बाजूचे, हे मी प्रांजळपणे मान्य केले. दूध मुद्दाम फाडून त्याचे पक्वान्न करण्याची रीत पोर्तुगीजांनी बंगालमध्ये आणली आणि तीतून छेन्याची मिठाई निर्माण झाली, असे मतही पुष्कळदा मांडले जाते.

परंतु ग्रंथांच्या या खटल्यात दुसराही एक साक्षीदार आहे, आणि तो कर्नाटकाच्या भूमीतला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी वाचकांना या ग्रंथाचे अगत्य वेगळ्या कारणाने आहे: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे आणि मराठीच्या अगदी जुन्या अवशेषांपैकी काही त्यात सापडतात. म्हणजे आपल्या भाषेचा बालपणीचा आवाज जपून ठेवणारा राजा कन्नड मुलुखातला! त्याच ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात तापविलेल्या दुधात आंबट घालून ते फाडावयाचे, चोथा फडक्याने गाळून घ्यावयाचा, त्यात तांदळाचे पीठ मिसळून गोळे तळावयाचे आणि साखरेत घोळावयाचे, अशा एका पक्वान्नाची कृती आहे. पोर्तुगीजांची गलबते हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी साडेतीनशेहून अधिक वर्षांची ही गोष्ट. आणि तेथेच दही गाळून, साखर व सुगंधी द्रव्ये घालून केलेल्या शिखरिणीचेही वर्णन आहे. शिखरिणी म्हणजे आपल्या श्रीखंडाची पूर्वजा.

श्रीखंडापाशी मी पुन्हा थांबलो. दही म्हणजे तरी काय? आम्लाने घट्ट झालेले दूधच. फरक इतकाच की तेथे आम्ल विरजणातून येते आणि येथे लिंबातून. चक्का टांगला की पाणी निथळते. बॉर्डनने ते निर्वात भांड्यात आटविले. ज्या गृहिणीने आयुष्यभर दर गुढीपाडव्याला श्रीखंड केले, तिला हा पदार्थ परका वाटावा असे त्यात काही नव्हते. परके होते ते केवळ नाव.

येथवर आल्यावर बंगळूरचा आणि आपला संबंध आठवल्यावाचून राहवेना. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह हे ठाणे केंपेगौडांकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. राजांचा मुक्काम दीर्घकाळ या प्रांतात होता. १६६४ मध्ये त्यांना मृत्यू आला तोही याच कर्नाटकात आणि होदिगेरे येथे त्यांची समाधी आहे. म्हणजे आपण ज्याला बदली म्हणतो तीच त्यांनाही झाली होती, फरक केवळ इतमामाचा! दक्षिण दिग्विजयानंतर शिवाजी महाराजांनी बंधू व्यंकोजीराजांशी जो तह केला, त्यात बंगळूर, होसकोटे आणि शिरे हे प्रांत व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिल्याचे कलम आहे. हे शहर एका मराठी स्त्रीची चोळीबांगडी होते, हे मी कार्यालयातील कन्नड सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने चहा पाजला. पुढे १६८७ मध्ये ते मोगलांच्या हाती पडले आणि तीन लाख रुपयांच्या बोलीने म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले.

परंतु दीपाबाईंचे नाव मला येथे आठवले ते निराळ्या कारणाने. तंजावरला त्यांच्या आश्रयास रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे एक महाराष्ट्रीय पंडित होते. समर्थ रामदासांशी त्यांचा स्नेह होता. या रघुनाथपंडितांनी ‘भोजनकुतूहल’ नावाचा ग्रंथ संस्कृतात लिहिला. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी चिकाटीने पोथ्या चाळून या पंडितांचे चरित्र आणि काल निश्चित केला, ही मराठी संशोधनाला भूषणावह गोष्ट होय. त्या ग्रंथात घरची धान्ये आणि पक्वान्ने तर आहेतच, पण त्यांत जिलबीचेही वर्णन आहे. जिलबी म्हणजे अरबांची ‘झलाबिया’. ती कोठल्या कोठून आली, पण महाराष्ट्र सोडून तमिळ मुलुखात राहणाऱ्या त्या पंडिताने तिला संस्कृत ग्रंथात पाट मांडून दिला. आज आपल्याकडील कोणते लग्न जिलबीवाचून पार पडते? आणि कोण तिला तिचे गाव विचारतो?

रघुनाथपंडितांनी घरचे पदार्थ टाकून दिले नाहीत आणि आलेल्याला दारही लावले नाही. त्यांनी दोहोंची नोंद केली. परमुलखात स्वयंपाकघर टिकते ते याच रीतीने, असे मला वाटते. जे येईल ते पारखावे, आपल्या हातातल्या कसबाने त्याला आपलेसे करावे आणि लिहून ठेवावे. ज्या दिवशी हातातले कसब जाईल त्या दिवशी मात्र आईचे भय खरे ठरेल.

हे सारे मी आईला एका रविवारी सकाळी सांगितले. अंबाबाईच्या हातातील म्हाळुंगाची गोष्ट तिने दोनदा सांगावयास लावली. चरक तिच्या बाजूचा आहे, हेही मी लपविले नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, “परवा ते वाहिलं का रे?” मी आम्लाचे कारण सांगितले. तिने मान हलविली. “लिंबू कमी पडलं ते खरंच. पण त्यात चक्का घातला असता तर तसंही वाहिलं नसतं.” आणि त्याच रात्री तिने दीड लिटर दुधाचे दही धुतलेल्या पंचात बांधून नळाला टांगले. बंगळूरच्या थंड हवेत दही रात्रभर आंबट होत नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात हेरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी जी कृती झाली ती, भगिनीवर्गाच्या सोयीसाठी, येथे देतो. दोनशे ग्रॅम मारी बिस्किटे लाटण्याने बारीक कुटून त्यात शंभर ग्रॅम वितळलेले लोणी चोळावे आणि तो चुरा खोलगट ताटलीत तळाला व कडेला वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसवावा. ताटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. तोवर सात-आठ रसदार कागदी लिंबे घ्यावी. आमची लिंबे विजयपूरकडची होती. त्या जिल्ह्यातील इंडी तालुक्याच्या लिंबांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि शहाजीराजे ज्या दिशेहून आले त्याच दिशेहून ती बंगळूरच्या बाजारात येतात. दोन लिंबांची केवळ हिरवी साल अलगद किसावी. पांढरा भाग आला तर कडवटपणा येतो. रस अर्धी वाटीहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे सव्वाशे मिलिलिटर निघावा. बिया गाळून घ्याव्या. चारशे ग्रॅम आटीव दुधात अडीचशे ग्रॅम चक्का पुरणयंत्रातून काढून मिसळावा, साल घालावी आणि रस हळूहळू घालीत एकाच दिशेने ढवळावे. रस पडू लागताच मिश्रण पळीला जड लागते, तीच खूण. ते बिस्किटांच्या थरावर ओतून निदान सहा तास, शक्य तर रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवावे. मध्येच झाकण उघडून पाहू नये, ही सूचना कन्येसाठी होती.

पुरणयंत्र फिरविण्याचे काम आजीचे आणि लिंबे पिळण्याचे नातीचे. सुरी लावली तेव्हा तुकडा सुबक, त्रिकोणी, ताठ उभा राहिला. कन्येने पहिला तुकडा आजीच्या हातावर ठेवला. आईने तो देवापुढे ठेवला नाही. त्या बाबतीत तिने माघार घेतली नाही आणि आम्हीही आग्रह केला नाही. पण तिने खाल्ला, सावकाश, शेवटच्या चुऱ्यापर्यंत. मग म्हणाली, “जायफळ हवं होतं जरा.”

आई आता कोल्हापूरला परतली आहे. आमच्या खात्यातील बदल्यांची यादी लवकरच लागेल, अशी कुजबूज आहे. पुढचे गाव कोणते असेल ते सांगता येत नाही. परवा सामान आवरताना कन्येची वही हाती आली. मैत्रिणीकडून इंग्रजीत उतरविलेल्या कृतीवर तिने रेघ मारली होती आणि खाली, शाळेत जी लिपी तिला कोणी शिकविली नाही त्या आपल्या बाळबोध अक्षरांत, ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुकांसह नवी कृती लिहिली होती. वर मथळा होता: ‘लिंबाचा पाय, आजीच्या पद्धतिचा. चक्का आणि जायफळ विसरु नये.’

चुका मी दुरुस्त केल्या नाहीत. वही वरच्या खोक्यात, हाताशी लागेल अशी ठेवली आहे.